पाच कॉलेजांची मावशी

मी अजूनही असिस्टंट प्रोफेसर आहे. माझ्यामागून लागलेले दोघं पुढे गेले. त्यातला एक तर आता प्राचार्य होऊन माझ्याच रजेच्या अर्जावर शेरे मारतो. लोक हळहळतात. "सर, तुमचं कुठं अडलं हो?" मी म्हणतो, "ग्रंथालयात." त्यांना वाटतं, मी फार वाचत बसलो म्हणून मागे राहिलो. बिचारे! खरं म्हणजे बढतीची फाइल मी माझ्या हातानं मागे घेतली. आणि ती ज्यांच्यामुळे घेतली, त्यांनी मला 'मागे घ्या' असं एकदाही म्हटलं नव्हतं. ते आमचे ग्रंथपाल. मागच्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळे त्यांच्याबद्दल भरभरून बोलले, कारण आता ते परत येणार नव्हते.

आमचं कॉलेज नागभीडच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांच्या मधोमध. पावसाळ्यात पोरं रोवणीला जातात आणि वर्गात बेडूक येतात, त्यामुळे वर्ग अगदीच रिकामा कधी वाटत नाही. अशा कॉलेजात ग्रंथपालानं काय करायचं असतं? कपाटाला कुलूप लावायचं आणि किल्ली जपायची. यांनी उलटं केलं. कपाटं सताड उघडी टाकली आणि पुस्तक न्यायला एक अट घातली: आधी नेलेल्या पुस्तकात काय होतं ते टेबलासमोर उभं राहून सांगायचं, मग पुढचं न्यायचं. पोरं आधी पळाली. प्राध्यापकांनी शिपायाला पाठवायला सुरुवात केली. शिपाई हात हलवत परत यायचा. "सर म्हनते, तूच सांग काय होतं त्याच्यात." दोन-चार वेळा असा अपमान झाल्यावर शिपाई इरेला पेटला आणि वाचू लागला. आज आमच्या कॉलेजात सगळ्यात जास्त वाचलेला माणूस तोच आहे. मी त्याच्याशी वाद घालत नाही.

एकदा खुद्द प्राचार्य एका थोर पुरुषाचं जाडजूड चरित्र परत करायला आले. "उत्तम पुस्तक!" म्हणाले. ग्रंथपालांनी विचारलं, "कसे मेले ते?"

प्राचार्य हसले. "अहो, थोर माणसं मरत नसतात."

"चरित्रात मेले हायेत जी. शेवटून दुसऱ्या पानावर. घेऊन जा, वाचून आना." ते पुस्तक अजून प्राचार्यांच्या नावावर आहे.

मे महिन्यात आमच्याकडे पंखासुद्धा गरम वारा ओततो. तशातही या गृहस्थांचा शर्ट पूर्ण बाह्यांचा, गळ्याचं बटण लावलेलं, खांद्यावर दुपट्टा. त्या दुपट्ट्यानं ते पुस्तकं पुसायचे, घाम मात्र नाही. पुस्तक हातात आलं की आधी हुंगायचे. बल्लारपूरकडच्या कॉलेजातून आलेला प्रबंध ते डोळे मिटून ओळखत. "पेपरमिलचा वास हाये," म्हणायचे, "माणूस लिवून राह्यला आन कारखाना श्वास सोडून राह्यला." मला ते 'प्राध्यापक' म्हणायचे. "काऊन जी प्राध्यापक, आज वर कसे?" त्यांनी तो शब्द उच्चारला की तो माझ्या पदाचा आहे की माझ्यावरचा आरोप आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता माझी भानगड आधीच सांगून टाकतो. झाकून उपयोग नाही, ती अख्ख्या दोन जिल्ह्यांत झाली आहे.

माझा एम.फिल.चा प्रबंध एका खेड्याच्या सामाजिक अभ्यासावर आहे. त्यातलं तिसरं प्रकरण, म्हणजे त्या गावाचं प्रत्यक्ष सर्वेक्षण, हाच प्रबंधाचा जीव. आणि तेच माझं नाही. माझ्या मार्गदर्शकांनी मला एक पहिलं पान फाटलेलं काळ्या रेक्झिनचं बाड दिलं आणि म्हणाले, "याच्या आधारे करा." आमच्याकडे 'आधारे' या शब्दात फार जागा आहे. मी त्या गावाला गेलो नाही. गाव कुठल्या रस्त्याला लागतं हेही मला माहीत नव्हतं. मी फक्त 'मी गेले'चं 'मी गेलो' केलं, 'मी पाहिले'चं जिथं लागलं तिथं बघून घेतलं, आणि प्रकरण टाइप करायला टाकलं. एवढं संशोधन मात्र मी मनापासून केलं.

आणि त्यातली मावशी राहू दिली. मूळ मजकुरात होतं, 'या गावी माझी मावशी दिलेली असल्याने तिच्या घरी आठ दिवस मुक्काम केला. मावशीने रोज लाखोळीचे वरण आणि भात मायेने वाढला. तिच्यामुळे गावातील सर्व दारे मला उघडली.' आता आमच्या घरी मावशीला खाला म्हणतात, आणि माझ्या तिन्ही खाला नागपुरात, पक्क्या घरात राहतात. अब्बांचं नागभीडला गादी-रजईचं दुकान. आमच्या सात पिढ्यांत कोणी त्या कोळशाच्या पट्ट्यात मुलगी दिली नव्हती. पण वाक्य वाचायला बरं वाटत होतं, म्हणून ठेवलं. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं. मला घाम फुटला. ते म्हणाले, "वा! याला म्हणतात क्षेत्रकार्य!"

तर असा मी एम.फिल. झालो आणि प्रबंध कपाटात गेला. कपाटात गेलेल्या प्रबंधाला आमच्याकडे वाळवीशिवाय वाचक नसतो. माझी झोप उत्तम होती.

मग सामाईक भांडार निघालं.

दोन जिल्ह्यांतली पाच लहान कॉलेजं. एकेकट्याला काही झेपत नव्हतं, म्हणून पाचही जणांनी मिळून आपापले प्रबंध, लघुप्रबंध, सर्वेक्षणं स्कॅन करून इंटरनेटवर एकाच ठिकाणी ठेवायची, असं ठरलं. मूल्यांकनाला येणाऱ्या समितीपुढे सहकार्य दिसलं पाहिजे, हा त्यातला शुद्ध हेतू. भांडाराला संस्कृतात एक लांबलचक नाव ठेवलं. ते ठेवणाऱ्यालाही पाठ नव्हतं, सगळे 'भांडार'च म्हणायचे. पहिल्या तीन बैठका मुखपृष्ठावर कोणत्या प्राचार्यांचा फोटो मध्ये, यात गेल्या. शेवटी पाचही फोटो गोल गोल फिरत राहतील अशी व्यवस्था झाली. ते अजून फिरताहेत. दोघं तर वारले, तरी फिरताहेत.

समन्वयक म्हणून आमच्या ग्रंथपालांना नेमलं, कारण बाकी चार कॉलेजांत ग्रंथपालाची जागा रिकामी होती. आणि पाचांमध्ये स्कॅनर एक. तो एसटीनं फिरायचा. हे गृहस्थ त्याला दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसत. सिरोंच्याकडच्या कॉलेजात जाताना दिवसभर तो असा मांडीवर. एकदा कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं तर म्हणाले, "मांडीवर बसलेल्याले तिकीट नसते जी." वाद जिंकला. रस्त्यात दोनदा त्याला सावलीत ठेवून त्याच्यावर वाराही घातला, असं बरोबर गेलेला शिपाई शपथेवर सांगतो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण त्यांनी एक विचित्र हट्ट धरला. स्कॅन करून नुसतं चढवायचं नाही; प्रत्येक प्रबंध आधी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतः वाचायचा. सगळ्यांनी डोक्याला हात लावला. प्रबंध काय वाचायची वस्तू आहे? लिहिणाऱ्यानं नाही वाचला, मार्गदर्शकानं नाही, परीक्षकानं नाही, आणि हे कोण लागून गेले?

त्याच सुमारास फतवा निघाला की बढतीच्या फाइलला आपल्या प्रबंधाची भांडारातली लिंक जोडावी. म्हणजे आता माझा प्रबंध त्यांनी चढवावा, पण वाचू नये, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. मी गोड बोलून पाहिलं. "सर, तुमच्या डोळ्यांना त्रास होईल. आमचे तरी तसेच चढवा."

"वाचल्याबिगर चढवनार नाई," ते म्हणाले. "कपाट झाकते जी प्राध्यापक, नेट उघडं पाडते. वाचून ठेवलेलं बरं, नाई त मंग रडत बसान."

आधी पाहुण्यांचं, मग घरचं, असा त्यांचा नियम. त्यामुळे बाकीची चार कॉलेजं संपल्यावर आमचं कपाट, आणि त्यात दाखल क्रमांकानं मी जवळजवळ शेवटी. मी रोज काही ना काही निमित्त काढून वर ग्रंथालयात जायचो आणि ते कुठवर आले ते बघून यायचो. परीक्षेच्या निकालाची वाट मी इतक्या मनापासून कधी पाहिली नव्हती.

सुरुवातीला ते वाचताना मध्येच हसत. एकदा खूप हसले, मग ते पान तसंच उघडं ठेवून खिडकीशी उभे राहिले. मला वाटलं, डोळे दुखले असतील. त्या दिवसापासून त्यांनी फोन सुरू केले. प्रबंधाच्या लेखकाचा नंबर शोधायचा, लावायचा, आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारायचं, "मावशी कशी आहे?"

पलीकडून कोणी बँकेतला, कोणी पंचायत समितीतला, कोणी शिकवणी वर्ग चालवणारा. सगळ्यांचं उत्तर एकच. "कोणती मावशी?"

हे फोन ठेवायचे. भांडाराच्या माहितीच्या तक्त्यात त्यांनी आपल्या मनानं एक रकाना वाढवला होता, 'लेखक त्या गावी गेला होता का?' त्यात लिहायचे, 'नाही.' सगळे म्हणाले, म्हातारा बहकला. मी एकटा तसं म्हणालो नाही. मला मावशी ओळखू आली होती.

मग ती बैठक झाली. चंद्रपूरजवळच्या कॉलेजात, भर दुपारी. त्या कॉलेजाच्या गच्चीवरून ऊर्जानगरच्या चिमण्या दिसतात. तिथून साऱ्या राज्याला वीज जाते आणि तेव्हा नेमकी त्या कॉलेजात नव्हती. पाच प्राचार्य फायलींनी वारा घेत बसलेले. प्रबंध का चढत नाहीत, याचा जाब विचारायचा होता. ग्रंथपाल उठले, पिशवीतून पाच बाडं काढली, पाच कॉलेजांची पाच, आणि एकेकातलं एकच पान वाचलं. पहिल्यात मावशी आली, लाखोळीचं वरण आलं. प्राचार्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्यात तीच मावशी आली, तेच वरण. तिसऱ्याला एकानं पाणी मागितलं. चौथ्याला सगळे बंद पंख्याकडे बघू लागले. पाचवा प्रबंध सिरोंच्याकडचा, लेखकाच्या घरी तेलुगू बोलतात; त्याचीही मावशी त्याच गावात दिलेली होती. मी भिंतीला टेकून उभा होतो. सहावा माझा, हे तिथं मला एकट्याला माहीत होतं.

"येवढ्या लोकाईले जिनं जेवू घातलं," ग्रंथपाल म्हणाले, "तिचं गाव कोळशाच्या खाणीत गेलं. लगित वर्षं झाले. याच्यातले दोन प्रबंध त्याच्या बादचे हायेत. गाव नाई, आन सर्वेक्षण झालं."

मग एक प्राचार्य म्हणाले, "पण प्रश्नावल्या जोडल्या आहेत ना?" दुसरे जास्त हुशार. ते म्हणाले, "सर, हेच आपण आंतरमहाविद्यालयीन सहकार्याचं जुनं उदाहरण म्हणून नाही का दाखवू शकणार?" खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. भांडार आत्ता निघालं. आमचं सहकार्य त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू होतं.

ग्रंथपाल एवढंच म्हणाले, "पयला कोनाचा, ते सापडू द्या. तवरोक एकबी चढवनार नाई." इतिवृत्तात नोंद झाली, 'सविस्तर चर्चा झाली. चहापानानंतर सभा संपली.'

चहा होईपर्यंत वीज आली, पण तिथल्या संगणकावर इंटरनेट येईना. ग्रंथपाल वायर बघायला टेबलाखाली वाकले आणि तिथंच बसून राहिले. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली उंचीला म्हणून एक बाड दिलेलं होतं. काळं रेक्झिन. त्यांनी ते ओढून काढलं. टेबल कलंडलं, मॉनिटर घसरला, प्राचार्यांनी धावत येऊन तो मिठीत धरला. हे इकडे जमिनीवर बसून दुपट्ट्यानं रेक्झिन पुसताहेत. आतला मजकूर टाइप केलेला नव्हता, निळ्या शाईनं हातानं लिहिलेला होता. त्यांनी पहिलं पान वाचलं, या वेळी हुंगलं नाही, आणि बाड पिशवीत घातलं. मी विचारलं, "पहिला सापडला का, सर?" ते म्हणाले, "सापडली." बसमध्ये दोन तास आम्ही शेजारी बसलो होतो, पिशवी त्यांच्या मांडीवर होती आणि मी विचारायला धजलो नाही.

पुढच्या आठवड्यात माझा नंबर आला. मला वर बोलावलं. टेबलावर माझा प्रबंध, तिसरं प्रकरण उघडं. मी तयारीत होतो. बाकीचे बेसावध सापडले, मी काय त्यांच्यासारखा बुद्दू? मी उत्तर पाठ करून ठेवलं होतं.

"काऊन जी प्राध्यापक, मावशी कशी आहे?"

"बरी आहे, सर," मी म्हणालो. "गाव गेलं, आता पुनर्वसन कॉलनीत असते. गुडघे दुखतात थोडे." गुडघे मी तिथल्या तिथं घातले. म्हाताऱ्या बाईचे गुडघे दुखतच असणार, त्यात चुकायला जागा नव्हती.

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले, की मला वाटलं, जमलं. मग म्हणाले, "बरी आहे म्हनता? चाला मंग. रविवारी भेटून येऊ."

आता नाही कसं म्हणायचं? मावशी माझी!

रविवारी आम्ही एसटीनं चंद्रपूर गाठलं, तिथून शेअरच्या जीपमध्ये बसलो. वाटेत खाणीच्या मातीचे डोंगर लागले. ग्रंथपालांनी खिडकीतून एका बाजूला हात केला. "तिथी."

"काय तिथं?"

"तुमी मुक्काम केला होता ते." मी पाहिलं. तिथं मोठा खड्डा होता, तळाशी पाणी आणि पाण्याजवळ एक ट्रक. मी मान हलवली. जीपमधले बाकीचे लोक आम्हाला नातेवाईक समजत असावेत.

पुनर्वसन कॉलनीत सगळी घरं एकसारखी. विहाराजवळ आम्ही उतरलो. माझा बेत साधा होता: कुठलं तरी दार ठोठावायचं, मावशी गावाला गेली आहे असं कळेल, आणि आपण हळहळून परत. पण ग्रंथपाल मला विचारायला थांबलेच नाहीत. ते तिसऱ्या ओळीत शिरले, एका दाराशी चप्पल काढली आणि आत बघून हाक मारली, "माय! ओ माय!"

तेव्हा मला कळलं. त्या पाच कॉलेजांच्या सामाईक मावशीला एकच पोरगा होता आणि तो आमच्या ग्रंथालयात बसायचा. जितके प्रबंध त्यांनी वाचले तितक्या वेळा त्यांना आपली माय भेटली, परक्या लोकांना जेवू घालताना. पळावं असं वाटलं, खरंच वाटलं, पण जीप निघून गेली होती.

आतून एक बुटकी, काटक म्हातारी आली. गुडघे अगदी धड होते. "कोन हाय रे संगं?"

"तुया बहिणीचा पोट्टा," ग्रंथपाल शांतपणे म्हणाले.

"कोन्त्या बहिणीचा?"

"तो म्हनते का तू त्याची मावशी हायेस."

म्हातारीनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. माझी दाढी पाहिली, चेहरा पाहिला. तिला सगळं समजत होतं, ती काही भोळी नव्हती. "म्हनते त अशीन," ती म्हणाली. "जयभीम बापा. बस. जेवाचं हाये ना अजून?"

"जयभीम, मावशी," मी म्हणालो.

आम्ही दोघं खाली बसलो. तिनं भात वाढला, तुरीचं वरण वाढलं. "लाखोळी कुठची आता," ती म्हणाली, "वावरच गेलं. राशनचा तांदूळ हाये, गोड मानून घे." मी अजून तोंड उघडलं नव्हतं, लाखोळी मागितली नव्हती. ती आपणहूनच सांगत होती. ग्रंथपाल खाली मान घालून जेवत होते.

"तू बी कॉलेजात शिकवतं का? मंग तुले सांगतो. माई भाची आली होती, गाव होतं तवा. आठ दिवस राह्यली. दारोदार जाऊन साऱ्याईचं लिवे. मी म्हनो, बाई, आदी जेव, मंग लिव. कोनाची विहीर, कोनाचं झाड, कोन कोनाच्या घरी कामाले जाते, सारं लिवलं पोट्टीनं. मंग गाव गेलं. मले रडू आलं नाई. म्या म्हनलं, जाऊ दे, तिच्या वहीत त हाये."

मी घास तोंडाशी नेला आणि तसाच ठेवला.

"मंग ते पीएचडी कराले गेली. तिथी साहेब लोकाईनं तिच्या म्होरं दुसरंच पुस्तक ठेवलं. म्हनले, बाई, हे त एका सराचं हाये, तू उतरवून आनलं. चोरी केली म्हनले तिले. तिच्यापाशी तिचं पुस्तकबी नाई, तिच्या गाईडसरानं ठेवून घेतलं होतं. रडत आली. आता बल्लारपूरले कपड्याच्या दुकानात जाते कामाले, दिवसभर उभी राह्यते." ती माझ्याकडे वळली. "ज्याचं पुस्तक म्होरं ठेवलं तो सर तुमच्याच तिकडचा हाये म्हनते. तू पायला का रे त्याले? कसा हाय मानूस?"

ग्रंथपालांनी वर पाहिलं नाही. मला आजही त्यांचा राग येतो की त्यांनी वर पाहिलं नाही. एकदा पाहिलं असतं तर मी त्यांच्याशी भांडलो असतो, हा काय प्रकार म्हणून ओरडलो असतो, आणि त्या ओरडण्यात सुटलो असतो. ते भात कालवत राहिले. लाज म्हणजे काय ते मला तोवर पुस्तकातूनच माहीत होतं. त्या दिवशी ती कानापासून पोटापर्यंत उतरली. कपाटात माझा प्रबंध होता आणि दुकानात ती उभी होती, आणि या दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

"मीच तो, मावशी," मी म्हणालो.

तिनं मुलाकडे पाहिलं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान हलवली. मग तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठ म्हणेल. उठ म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"तू मले मावशी म्हनतं ना?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग ते तुयी बहीण झाली. बहिणीचं हाये, देऊन टाक तिले." तिनं पातेलं पुढे ओढलं. "आन ताटावरून उठू नोको. जेव."

मी जेवलो.